जुन्या ट्रकचं इंजिन उतरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सांगलीवाडीच्या आमच्या शेडमध्ये १९६७ सालचा बोनेटवाला टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक उभा आहे. आप्पांनी त्यावर हळदीची आणि गुळाची पोती वाहिली. खंबाटकीचा घाट त्यानं किती वेळा चढला, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या शेडमध्ये पाणी ट्रकच्या बोनेटपर्यंत चढलं आणि काही दिवस हललं नाही. तेव्हापासून इंजिन जाम.

यंदा आम्ही ते उतरवलं. गल्लीत इंजिन उचलायची उंच तिपाई उभी राहिलेली पाहून माणसं थांबायची आणि विचारायची: जुन्या गाड्या आता सरकारच भंगारात काढतंय ना, मग हा खटाटोप कशासाठी? भंगार धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून हा समज घट्ट बसलाय. वयाची सरळ अट लागू झाली ती सरकारी गाड्यांना. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपवली गेली. खाजगी मालकाच्या गाडीचं भवितव्य मुख्यतः फिटनेस चाचणीवर ठरतं. आजोबांचा ट्रक गोठ्याशेजारी उभा आहे म्हणून तो उद्या कुणी उचलून नेणार नाही. ज्यांच्या दारात असा ट्रक आहे आणि जो परत उभा करावा असं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

इंजिन बाहेर काढायचंच कशाला?

रिस्टोरेशन हा शब्द इथं एकदाच समजून घेऊ. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली होती, तशी परत करणं म्हणजे रिस्टोरेशन. नवा रंग, नवे दिवे, मोठा हॉर्न ही सजावट झाली.

किरकोळ काम असेल तर इंजिन जागेवरच होतं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढता येतं, नोझल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बदलता येतात, खालून ऑइल पॅन उतरवून बेअरिंगही पाहता येतात. क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल चाकासारख्या फिरण्यात बदलणारा जाडजूड दांडा, बाहेर घ्यायचा असेल किंवा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, लेथवर न्यायचा असेल, तर मात्र इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. पुरात बुडालेल्या इंजिनाचं तर तेलाचं प्रत्येक भोक आतून धुवावं लागतं. नदीचा गाळ मेंदीसारखा बारीक असतो. तो तेलाच्या वाटेत बसला की वरून कितीही नवं ऑइल ओता, बेअरिंगपर्यंत ते पोचत नाही.

दुसरं कारण चासीचं. इंजिनाखालचा चासीचा भाग पन्नास वर्षांत कुणीच पाहिलेला नसतो. त्यावर तेल, धूळ आणि हळदीची भुकटी यांचा थर बसलेला होता. तो खरवडल्यावर आम्हाला एका रिव्हेटजवळ गंजानं पोखरलेली जागा सापडली. इंजिन जागेवर असतं तर ती कधीच दिसली नसती.

आधी पाणी, मग पाना

पुराच्या गाडीत सगळ्यात मोठं नुकसान पाण्यानं होत नाही, पाणी ओसरल्यावर घाईघाईनं गाडी सुरू करून पाहण्यानं होतं. हे ट्रकलाच नव्हे, मोटारसायकललाही लागू आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टाटा मर्सिडीज घराण्यातल्या सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांचं आकारमान साडेचार लिटरच्या थोडं वर होतं. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला पाऊण लिटर हवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते वीस पट दाबली की ती इतकी तापते, की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. आता हिशेब करा. पाऊण लिटर हवा दाबून दाबून शेवटी उरते ती ४०-५० मिलिलिटरची पोकळी. टपरीवरच्या कटिंग चहापेक्षाही कमी. तेवढ्या जागेत जास्तीचं पाणी बसलेलं असेल तर पिस्टन वर येताना अडतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मागून सेल्फचा किंवा ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा जोर चालूच असतो. त्यात पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. दुरुस्त होणारं इंजिन एका झटक्यात भंगार होतं.

आमच्याकडेही ट्रॅक्टर बांधून ओढा असा सल्ला देणारे आले होते. आम्ही ओढला नाही, याचं मला आज फार समाधान आहे.

पहिलं काम ऑइल पॅनचा तळातला बोल्ट सोडायचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. मग दुधाळ चहाच्या रंगाचं मिश्रण, मग काळं तेल. आमच्या इंजिनातून पहिलं अर्धं घमेलं निव्वळ गढूळ पाणी आलं. त्यानंतर सहाही नोझल काढले आणि भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून ओतलं. पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असतात. तेल त्या फटीत उतरायला वेळ घेतं. रोज थोडं ओतायचं आणि थांबायचं. लाकडी ठोकळा लावून हातोडी मारायचा मोह होतो, तो आवरायचा. आठ-दहा दिवसांनी क्रँकच्या पुढच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हातानं हलकासा जोर दिला, तर बोटभर हालचाल मिळाली. पुढं आणि मागं, पुन्हा पुढं आणि मागं. पूर्ण फेरी फिरवण्याचा हट्ट धरला नाही.

जाम इंजिन तसंच उतरवता येतं, पण एक अडचण लक्षात ठेवावी. काही बोल्ट इंजिन फिरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत, विशेषतः क्लचचे. इंजिन फिरत नसेल तर क्लच फ्लायव्हीलवरच, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या जड चाकावरच, राहू द्यायचा आणि इंजिन-गिअरबॉक्सचा जोड बाहेरून सोडायचा.

सोडवायचं काय काय?

शेतकऱ्याच्या घरात विहिरीतली मोटर काढणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिपाई, चेन पुली, चार माणसं. मोटरीला फक्त पाइप, केबल आणि दोर. ट्रकच्या इंजिनाला मात्र वीज, डिझेल, पाणी, हवा, धूर, दांडे आणि गिअरबॉक्स अशा सगळ्या बाजूंनी बांधलेलं असतं.

बॅटरीपासून सुरुवात करायची आणि आधी अर्थची तार काढायची. का? दुसरी तार आधी काढायला गेलात आणि पाना चुकून चासीला लागला, तर मोठी ठिणगी उडते, कारण सगळी चासी अर्थला जोडलेली असते. अर्थ आधी सुटली की मग पाना कुठंही लागो.

मग रेडिएटर आणि ब्लॉक या दोन्हींचं पाणी, डिझेलच्या नळ्या, एअर क्लीनर, सायलेन्सरचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा, सेल्फ आणि डायनॅमोच्या तारा. सुटलेल्या प्रत्येक डिझेल नळीच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा किंवा टोपण बसवायचं. डिझेल पंपाच्या आतली फट केसापेक्षाही बारीक असते, मातीचा एक कण तिथं पुरेसा होतो. बोनेटवाल्या ट्रकमध्ये बोनेट, पुढची जाळी आणि रेडिएटर उतरले की समोरून वाट मोकळी होते.

सायलेन्सरच्या जोडाचे बोल्ट मोडतात, हे धरूनच चालायचं. तापून-थंड होऊन ते इतके पिचलेले असतात, की पाना लावला की मान तुटते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी आमचे आठपैकी तीन तुटले.

गिअरबॉक्सचा जोड: म्यानातून तलवार

सगळ्यात नाजूक जागा हीच. गिअरबॉक्समधून एक दांतेरी दांडा पुढं येतो आणि क्लच प्लेटच्या मधल्या भोकात शिरतो. इंजिन सुटताना हा दांडा म्यानातून तलवार काढावी तसा सरळ बाहेर यायला हवा. इंजिन तिरपं झालं किंवा गिअरबॉक्स खाली लोंबकळला, तर त्याचा सगळा भार त्या दांड्यावर येतो आणि क्लच प्लेटची मधली चकती वाकते. तिथं काहीही ओढून काढायचं नाही. अडलं की ओढणं थांबवून कुठं तिरपं झालंय ते पाहायचं.

बहुतेक जण गिअरबॉक्सखाली जॅक लावतात. क्रेननं इंजिन पुढं ओढून घ्यायचं असेल तर ते ठीक. आमच्याकडे तिपाई होती आणि तिपाई जागची हलत नाही. म्हणजे इंजिन हवेत जिथल्या तिथं राहणार आणि ट्रक मागं ढकलायचा. अशा वेळी खालचा जॅक जमिनीवरच राहतो आणि गिअरबॉक्स निराधार होतो. म्हणून केबिनमधल्या तळाच्या फळ्या काढून चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर आडवा लोखंडी अँगल टाकला आणि गिअरबॉक्स त्याला साखळीनं टांगला. ट्रक हलला की गिअरबॉक्स त्याच्याबरोबर हलतो. ही युक्ती आमच्या मिस्त्रींची. ती मला आधी माहीत असती, तर दोन दिवस वाचले असते.

ट्रक मागं ढकलायचा म्हणजे चाकं फिरायला हवीत. पुरात बुडालेल्या ट्रकचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात, त्यामुळं इंजिनाला हात लावण्याआधी आमचे तीन दिवस चाकं मोकळी करण्यातच गेले.

जुन्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले की तिथंच राहतात आणि अनेक वर्षांनी गंभीर आजार होतात. ती धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, कोरड्या ब्रशनं झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

पाना बसत नाही, तेव्हा

टाटा मर्सिडीजचं मूळ जर्मन, म्हणून पाने मिलिमीटरचे. फार्गो, डॉज, बेडफर्ड, जुना लेलँड यांच्याकडे इंचातलं माप. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं, १९४४ साली स्थापन झालेल्या कंपनीनं, क्रायस्लरशी करार करून डॉज आणि फार्गो इथं आणले. असे ट्रक आपल्या भागात अजून सापडतात. इंचाच्या नटावर जवळपासचा मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. एकदा कोपरे गेले की छिन्नी किंवा गॅसच उरतो.

उचलताना दोर किती ताणला जातो?

इंजिनाचं वजन चार-साडेचारशे किलो धरा. दोन साखळ्यांनी उचललं तर प्रत्येकीवर निम्मा भार, असं आपल्याला वाटतं. साखळ्या जवळजवळ उभ्या असतील तरच ते खरं. दोघांनी मिळून पाण्याची बादली धरून पाहा. जवळ जवळ चाललात तर हलकी लागते. एकमेकांपासून लांब झालात की हात भरून येतो, पाणी मात्र तेवढंच असतं. साखळ्यांचंही तसंच. दोन साखळ्यांमधला कोन ६० अंशांचा झाला की ४५० किलोच्या इंजिनासाठी प्रत्येकीवर सुमारे २६० किलोचा ताण येतो. कोन १२० अंश झाला तर प्रत्येकीवर पूर्ण ४५० किलो. म्हणून पुलीचा आकडा (हूक) उंच ठेवायचा, साखळ्या लांब घ्यायच्या. आम्ही चेन पुली दोन टनांची वापरली.

साखळी लावायची ती इंजिनावर त्यासाठीच दिलेल्या कड्यांना. मॅनिफोल्डभोवती, म्हणजे हवेच्या आणि धुराच्या जाड नळ्यांभोवती, किंवा डिझेलच्या नळ्यांखालून वेढा देऊ नये.

शेडच्या छपराच्या कैचीला चेन पुली टांगायचा विचार आमच्याही मनात आला होता. कैची असते पत्रा आणि वारा पेलायला, ओझं पूर्ण लांबीवर पसरलेलं धरून बांधलेली. एकाच ठिकाणी अर्धा टन लटकवलं तर ती वाकते आणि पत्र्यासकट खाली येते. तिपाईच बरी. काळ्या मातीत मात्र तिचे पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली जाड फळी आणि तिन्ही पाय एकमेकांना साखळीनं बांधलेले हवेत, नाहीतर भार पडला की ते फाकतात.

फाउंडेशनचे बोल्ट, म्हणजे इंजिन चासीवर बसवणारे, सगळ्यात शेवटी सोडायचे. मग दोन बोटं उचलायचं आणि थांबायचं. टॉर्च घेऊन सगळीकडून पाहायचं, कारण काहीतरी राहिलेलंच असतं. आमच्याकडे इंजिनाच्या मागच्या बाजूची अर्थची पट्टी राहिली होती. ती ताणली गेलेली दिसली तेव्हा इंजिन परत टेकवलं. इंजिन हवेत असताना त्याच्याखाली हात, पाय, डोकं काहीही जाता कामा नये. बोल्ट पडला तर पडू द्या.

सोडवण्यात चार दिवस गेले. प्रत्यक्ष उचलायला पाऊण तास पुरला.

'जेसीबी बोलावला असता तर तासाभरात झालं असतं'

हा प्रश्न रोज दोनदा यायचा. जेसीबी ताकदीला कमी नाही. पण त्याचा हात बोटभर हलवणं चालकाला अवघड जातं आणि आपल्याला तर बोटभरच हलवायचं असतं. चेन पुलीची साखळी एकदा ओढली की इंजिन थोडंसंच चढतं, म्हणजे दांडा अडला तर हाताला लगेच कळतं. मोकळ्या रस्त्यावर, जाणत्या चालकाची हायड्रा क्रेन मिळाली तर जरूर घ्या. शेडमध्ये चेन पुलीला तोड नाही.

वही, डबे आणि फोटो

उतरवलेला ट्रक परत जोडायला वर्ष लागेल, कदाचित दोन. लेथवाल्याकडे नंबर लागतो, सुटा भाग मिळत नाही, मध्येच ऊसतोडीचा हंगाम येतो. तोवर कुठली नळी कुठल्या क्लिपखालून गेली होती, हे कुणालाही आठवत नाही. इंजिन जिथं होतं तिथं कसं बसलं होतं, ही माहिती फक्त आत्ता उपलब्ध असते आणि प्रत्येक बोल्ट सोडला की ती थोडी थोडी पुसली जाते. या कामातलं खरं मोलाचं तेच आहे असं मला वाटतं. म्हणून हात काळे व्हायच्या आधी फोटो. प्रत्येक तारेला चिंधी बांधून तिच्यावर क्रमांक, वहीत त्याच क्रमांकापुढे जागा. बिस्किटांचे डबे गोळा करून प्रत्येकावर भागाचं नाव. बोल्ट शक्य असेल तिथं हातानं परत त्याच भोकात अडकवून ठेवायचे, कारण दिसायला सारखे दोन बोल्ट लांबीला थोडे वेगळे असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात आवळला की आतली भिंत फुटते. फाउंडेशनखालच्या पातळ चकत्या कुठल्या बाजूला किती होत्या हेही लिहा. त्यांनीच इंजिनाची पातळी ठरवलेली असते.

दुसरं चालू इंजिन का नाही बसवलं?

बसवता येतं, आणि धंद्यातल्या गाडीला लोक बसवतातही. तेव्हा आरसी बुकात नव्या इंजिनाचा क्रमांक आरटीओकडून नोंदवून घ्यावा लागतो. पण मग तो जुना ट्रक राहत नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, आणि गाडी धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. हे नियम दुचाकी आणि खाजगी चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. आपल्या ट्रकची नोंद मालवाहू म्हणून असते, तेव्हा पैसे खर्च करण्याआधी जवळच्या आरटीओत लेखी विचारणा करून घ्यावी. तेच इंजिन दुरुस्त करून त्याच जागी बसवलं, हे दाखवायला वही आणि फोटो तिथंही कामाला येतात.

खाली ठेवल्यावर

इंजिन ऑइल पॅनवर टेकवायचं नाही, तो चेपतो. ब्लॉकच्या कडेला आधार मिळेल असे जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडा आधीच तयार हवा, आकड्याला लटकलेलं इंजिन घेऊन शोधाशोध नको. सगळी तोंडं कापडानं बांधायची, गिअरबॉक्सचं उघडं तोंडही. निघालेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्यायचं. ओढ्यात किंवा नाल्यात ओतलेलं तेल शेवटी कृष्णेतच जातं, आणि आम्ही तिचंच पाणी पितो.

शेवटी ब्लॉकच्या बाजूचा गाळ ओल्या फडक्यानं पुसून काढला. तार-ब्रश लावला नाही, कारण ठोकलेले आकडे आधीच झिजलेले होते. वर खडू घासला तेव्हा ते पांढरे होऊन उठून दिसले. आईनं ट्रंकेतून आप्पांचं आरसी बुक आणलं होतं. ती एकेक आकडा वाचत गेली आणि मी ब्लॉकवर बोट ठेवत गेलो. सगळे जुळले. आता ब्लॉक मिरजेला लेथवर जाईल.